टॉवर, कॅन्सर आणि विहारातली सभा

"ताई, तुम्ही फक्त सही करा. बाकीचं आम्ही बघतो."

विहार समितीच्या अध्यक्षांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. रविवारची वंदना नुकतीच आटोपली होती. सतरंजीवर बाया, मागे भिंतीला टेकून पुरुष, दारात पोरे. अर्जात लिहिले होते की, विहाराच्या मागच्या तीन मजली इमारतीवर दोन वर्षांपूर्वी मोबाइलचा टॉवर बसला, तेव्हापासून गल्लीत चार जणांना कॅन्सर झाला, तरी टॉवर ताबडतोब काढावा. खाली सह्या आणि अंगठे. डॉक्टरची सही पडली की कागदाला वजन येईल, असा हिशेब होता.

मी सही केली नाही. त्यावरून थोडी नाराजीही झाली. "कंपनीची बाजू घेता का?" असे एकाने तोंडावर विचारले. मात्र उठण्याआधी आम्ही त्याच टॉवरबद्दल दुसरा अर्ज लिहिला आणि त्यावर मी सर्वांत आधी सही केली. पहिला का नाही आणि दुसरा का, हे इथे सविस्तर लिहिते आहे. अशा सभा बऱ्याच वस्त्यांत भरत असतात आणि त्यात पणाला लागलेली गोष्ट टॉवरपेक्षा मोठी असते.

सभेत मी पहिला प्रश्न विचारला तो चार आजाऱ्यांबद्दल. कोणाला, कुठला, कधी? एका काकांना जबड्याचा. वयाच्या पंधराव्या वर्षापासून तंबाखू-चुना. एका आजींना गालाच्या आतला. सकाळ-संध्याकाळ मशेरी. एका बाईंना गर्भाशयाच्या मुखाचा. चौथीला स्तनाचा, आणि तिच्या जावेनेच सांगितले की गाठ टॉवर बसायच्या आधीपासून हाताला लागत होती.

कॅन्सर हा एक आजार नाही. एकाच नावाखाली मोडणारे ते पुष्कळ आजार आहेत आणि प्रत्येकाची कारणे निराळी. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तोंडाच्या कॅन्सरचे मोठे कारण तंबाखू आणि सुपारी. शरीरातली पहिली पेशी बिघडल्यापासून गाठ दिसेपर्यंत बहुधा कित्येक वर्षे जातात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आलेल्या टॉवरवर हे चारही खटले भरता येत नाहीत. शिवाय भारतात नऊ माणसांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी कॅन्सर होण्याची शक्यता आहे, असा देशाच्या कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा अंदाज आहे. चारशे माणसांच्या गल्लीत अधूनमधून रुग्ण निघणारच, टॉवर असो वा नसो.

यावर एक तरुण उठला. म्हणाला, "मग जागतिक आरोग्य संघटनेने टॉवरच्या लहरी कॅन्सरच्या यादीत कशाला घातल्या?" प्रश्न रास्त होता. त्या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना '२-बी' गटात टाकले. या गटाचा अर्थ 'कदाचित कारणीभूत असू शकेल, पुरावा तोकडा आहे' असा आहे. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क याच गटात आहे. आता गट १ पाहा, जिथे पुरावा पक्का आहे. तिथे विडी-सिगारेट आहे, चघळायचा तंबाखू आहे, नुसती सुपारीही आहे. आणि जून २०१२ पासून डिझेलचा धूरही आहे. हे शेवटचे नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

लहरी म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. टॉवर, रेडिओ, चुलीची धग, दिव्याचा उजेड, एक्स-रे ही सगळी एकाच कुळातली भावंडे, फरक ताकदीचा. एक्स-रेच्या एकेका कणात पेशीतल्या जनुकाची साखळी तोडण्याइतका जोर असतो, म्हणून तिथे गर्भवतीला जपतात. टॉवरच्या लहरींचा जोर दिव्याच्या उजेडापेक्षाही फार खालचा. त्या साखळी तोडू शकत नाहीत. अगदी जवळून आणि भरपूर मिळाल्या तर मांस तापवू शकतात, इतकेच निश्चित माहीत आहे, आणि सुरक्षिततेची मर्यादा त्या तापण्यावरूनच ठरवलेली आहे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आपली मर्यादा आणली. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी ती चौरस मीटरला एका वॉटच्याही थोडी आत होती. भर दुपारच्या उन्हातून चौरस मीटरला हजार वॉटच्या आसपास ऊर्जा पडते. ऊन आणि लहरी एकच नव्हेत, पण आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगितले.

शेकोटीपासून दोन पावले मागे सरकलो की धग झपाट्याने कमी होते, तसेच इथेही. अंतर दुप्पट केले तर लहरींची तीव्रता चौथाईवर येते. अँटेनाचा मुख्य झोत आडवा, किंचित खाली झुकलेला जातो. म्हणून टॉवरच्या अगदी पायथ्याशी राहणाऱ्याला तो फारसा मिळत नाही. समोरच्या इमारतीत, अँटेनाच्याच उंचीवर आणि अगदी जवळ खिडकी असेल तर मात्र मोजून घ्यायला हवे. आणि कानाला लावलेला फोन? तो डोक्यापासून बोटभर अंतरावर असतो. टॉवरची रेंज कमी असली की फोन टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी अधिक जोर लावतो. म्हणजे टॉवर दूर घालवला तर डोक्याला मिळणारी मात्रा उलट वाढण्याचीच शक्यता. ज्यांना काळजी वाटते त्यांनी रेंज एकच दांडी असताना लांबलचक बोलू नये, इअरफोन वापरावा.

मग सगळे शंभर टक्के निर्धोक आहे का? अमेरिकेत नर उंदरांना दोन वर्षे, रोज नऊ तास, अंगभर तीव्र लहरी दिल्या तेव्हा काहींच्या हृदयात गाठी आढळल्या. हा निष्कर्ष २०१८ मध्ये आला आणि तो लपवून ठेवण्यासारखा नाही. पण त्या मात्रा टॉवरखाली राहणाऱ्या माणसाला मिळतात त्यापेक्षा कितीतरी मोठ्या होत्या. माणसांवरच्या अभ्यासांचा, जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोबाइल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरमधील एका घरकामगाराच्या तक्रारीवरून टॉवर बंद करायला लावला, हेही सभेत निघाले. खरे आहे. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या माणसाचे न्यायालयाने ऐकले याचे मला कौतुकच वाटते. पण न्यायालय एका तक्रारीचा निकाल देते. आजाराचे कारण ठरवण्याची रीत वेगळी आहे.

काही बायांनी डोकेदुखी आणि झोप न लागण्याची तक्रार केली. त्यांचा त्रास खोटा नाही. मात्र लहरी चालू आहेत की बंद हे न सांगता पडद्याआडून जे प्रयोग झाले, त्यांत त्रास होणाऱ्यांनाही चालू-बंद ओळखता आले नाही. भीतीनेही डोके खरोखर दुखते. आणि या गल्लीत झोप न लागण्याचे आणखी एक कारण होते, ते तेवढ्यात आपण होऊन सुरू झाले.

लाइट गेली होती. मागच्या इमारतीच्या आवारातला जनरेटर धडधडत उठला. विहाराच्या खिडकीतून डिझेलचा वास आत आला आणि मला बोलता बोलता आवाज चढवावा लागला. गल्लीतली माणसे त्याला इतकी सरावली होती की कोणी मान वळवूनही पाहिले नाही. सगळ्यांचे बोट वर अँटेनाकडे होते. गट १ मधला धूर मात्र खाली, खिडकीच्या उंचीवर, लेकरांच्या नाकात जात होता.

दूरसंचार विभागाने २०१२ मध्येच कंपन्यांना सांगितले होते की २०१५ पर्यंत गावांतले निम्मे आणि शहरांतले २० टक्के टॉवर डिझेलऐवजी संमिश्र ऊर्जेवर आणा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. जनरेटरला आवाज दाबणारी पेटी लागते, धुराची नळी उंच नेऊन घराच्या खिडकीपासून दूर तोंड करून सोडावी लागते. यांतले काही नसेल तर तक्रार ठोस होते. ती महापालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते, आणि तिला कोणी 'अंधश्रद्धा' म्हणून उडवून लावू शकत नाही. आमचा दुसरा अर्ज इथून सुरू झाला.

दुसरा मुद्दा बॅटऱ्यांचा. लाइट गेली तरी टॉवर चालावा म्हणून तिथे बॅटऱ्यांचा संच असतो. जुन्या पद्धतीच्या संचात दोन-दोन व्होल्टच्या २४ बॅटऱ्या, आत शिसे आणि आम्ल. जुन्या झालेल्या, कधी चोरीच्या, भंगारात येतात आणि आपल्याच वस्तीतले कोणीतरी घरामागे त्या फोडून शिसे वितळवते. लहान मुलाच्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी मात्राच नाही. मूल अभ्यासात मागे पडते, चिडचिडे होते, रक्त कमी होते आणि आपण म्हणतो, पोरगं ढ आहे. भंगाराचे काम करणाऱ्या बांधवांना कळकळीची विनंती, बॅटरी घरी फोडू नका. ती आहे तशी अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला द्या. भाव थोडा कमी आला तरी चालेल. कामाचे कपडे अंगावर ठेवून मूल उचलून घेऊ नका.

इतका वेळ दारात उभा असलेला एक मुलगा पुढे आला. वय बावीस-तेवीस. तो ठेकेदाराकडे रिगर आहे, म्हणजे टॉवरवर चढून अँटेना बसवणारा. म्हणाला, "ताई, तुम्ही खालच्यांचं सांगितलंत. मी अँटेनाच्या पुढ्यात दोन-दोन तास लटकतो. माझं काय?"

त्या दिवशीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच होता आणि अर्जावर त्याचा उल्लेखही नव्हता. चालू अँटेनाच्या अगदी तोंडाशी काम करणाऱ्याला मर्यादेपेक्षा जास्त लहरी मिळू शकतात. तिथे मांस तापू शकते, डोळ्याच्या भिंगाला ते विशेष घातक. म्हणून अँटेनासमोर काम करायचे तर आधी ती बंद करायला किंवा तिचा जोर कमी करायला लावणे हा कामाचा नियम आहे. "नेटवर्क पडेल" ही सबब चालत नाही.

पण त्याचा जीव जाण्याची खरी भीती पडण्याची आहे. अंगभर हार्नेस, आणि हार्नेसला दोन दोर. चढताना एक हूक काढायचा तो दुसरा अडकवल्यावरच. शिवण उसवलेला किंवा एकदा झटका बसलेला पट्टा फेकून द्यायचा. आभाळ गडगडले की उतरायचे. वर दोघांनीच जायचे नाही, खाली सोडवायला येऊ शकेल असा शिकलेला तिसरा हवा. कारण एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पडता पडता पट्ट्याने वाचलेला माणूस हालचाल न करता तसाच लटकत राहिला तर रक्त पायांत साचते आणि तेवढ्यानेही तो दगावू शकतो. अग्निशमन दलाची वाट पाहत बसायला तेवढा वेळ नसतो. शुद्धीत असेल तर पाय हलवत राहावे, दोराचा फास करून त्यावर पाय रोवावेत.

टॉवर उंच दिसतो म्हणून त्याची चर्चा होते. ज्या फायबरवर हे जाळे उभे आहे ती जमिनीखाली असते, तिची होत नाही. फायबर म्हणजे काचेचा केसाएवढा तंतू. त्यातून उजेड धावतो, बाहेर लहर काही येत नाही, त्यामुळे घरापाशी फायबर आली म्हणून कोणी घाबरू नये. धोका ती टाकणाऱ्याला. जॉइंट मारताना काचेच्या कुसळी बोटांत आणि डोळ्यांत जातात, तेव्हा चष्मा घालावा, तुकडे चिकटपट्टीवर गोळा करावेत आणि त्या हातांनी भाकरी खाऊ नये. चालू फायबरच्या टोकात डोळा लावून पाहू नये, आतला उजेड डोळ्याला दिसत नाही पण पडदा जाळू शकतो.

आणि चेंबर. रस्त्याखालच्या केबलच्या चेंबरमध्ये शेजारच्या गटाराचे पाणी झिरपते, वायू साचतो. गटारात उतरून मरणारी माणसे कोणत्या समाजांची असतात हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. त्या मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. केबलच्या चेंबरला 'गटार' हे नाव नाही, वायू मात्र तोच. सडक्या अंड्याचा वास आला तर उतरू नका. वास यायचा थांबला तर अजिबात उतरू नका, कारण तो वायू वाढला की आधी नाकच बधिर करतो. झाकण उघडून, पंख्याने हवा मारून, वायुमापक आत सोडून, मगच. आत कोणी कोसळला तर मागोमाग उडी घेऊ नका. एकापाठोपाठ दोघे-तिघे जातात ते असेच.

आपल्या आज्या-पणज्यांकडून ऐकलेले आठवा. गावात मौत झाली की पाहुण्यांच्या गावी सांगावा घेऊन पायी जायचे काम महाराचे. ऊन असो, पूर असो. ते वतनाचे काम होते, म्हणून मजुरी मागायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते या वेठीविरुद्धच. निरोप पोहोचवण्याचे काम आज काचेतून आणि हवेतून होते, पण चर खोदणारे, लटकणारे, चेंबरमध्ये वाकणारे हात कोणाचे आहेत ते जवळ जाऊन पाहा.

फरक इतका की आज कायदा आहे. बांधकाम कामगारांच्या कायद्यात 'बांधकाम' या शब्दाच्या व्याख्येत टेलिफोन, वायरलेस आणि टॉवरचीही कामे येतात. वर्षभरात ९० दिवस असे काम केलेले, १८ ते ६० वयाचे कामगार महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंद होऊ शकतात. अपघात झाला तर भरपाईसाठी ठेकेदाराबरोबर मूळ मालकाचीही जबाबदारी येते. "तू आमचा माणूस नाहीस, ठेकेदाराला विचार" हे उत्तर ऐकून परत फिरू नये. हजेरी, पगार जमा झाल्याचे संदेश, कामाच्या जागेचे फोटो जपून ठेवावेत. त्या मुलाकडे यांपैकी काहीही नव्हते. त्याला वाटत होते, ही नोंदणी फक्त गवंड्यांची असते.

टॉवर नकोच, असे मात्र माझे मत नाही. रात्री दोन वाजता बाळंतीण अडली की १०८ लावायला रेंज लागते. ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टर मिळतो, मन खचले तर १४४१६ वर मोफत बोलता येते. मे २०२१ मध्ये काही राज्यांत 'फाइव्ह-जीच्या चाचणीमुळे कोरोना पसरतो' अशी अफवा उठली होती, तेव्हा सरकारला खुलासा करावा लागला की अशी चाचणी देशात अजून सुरूच झालेली नाही.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले की ऐकीव आहे म्हणून मानू नका, सांगणारा मोठा आहे म्हणूनही मानू नका. मग ते मलाही लागू आहे. माझ्या शब्दावर तरी टॉवर निर्धोक का मानावा? त्यासाठी मोजणीची सोय आहे. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावर आपल्या आसपासचे टॉवर फुकट पाहता येतात, आणि ४००० रुपये शुल्क भरले तर अधिकारी येऊन प्रत्यक्ष जागेवर लहरी मोजतात. घरटी वर्गणी काढायचे ठरले. "कंपनीचा अधिकारी कंपनीचंच सांगेल" अशी शंका निघाली. त्यावर ठरले की मोजणीच्या वेळी गल्लीतली पाच माणसे हजर राहतील आणि आकडा स्वतः वहीत उतरवून घेतील. इमारतीचा बांधकाम-सुरक्षेचा दाखलाही त्याच अर्जात मागितला.

राहिला कॅन्सर. 'गट्स' पाहणीत २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, बहुतेक चघळून किंवा मशेरी लावून. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायांवर वीस वर्षे अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायांना काही आठवडे शिकवून त्यांच्याकडून तपासण्या करवल्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, पन्नाशीपुढच्या बायांत स्तनाच्या कॅन्सरचे जवळजवळ ३० टक्क्यांनी. मोठे यंत्र नाही, शिकलेला हात आणि डोळा. विहाराची मागची खोली त्यासाठी पुरते.

सभा उठल्यावर चपला घालत असताना ती जाऊबाई जवळ आली. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून पदराआड हात नेत म्हणाली, "ताई, मलाही इथं एक लागतंय. पाच-सहा महिने झाले. म्हटलं, टॉवर गेला की जाईल आपोआप."

मी तिला तिथेच, मागच्या खोलीत नेऊन तपासले. गाठ होती. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर सरकारी रुग्णालयात गेले. सुईची तपासणी येत्या मंगळवारी आहे.

मोजणीचे ४००० रुपये भरले आहेत, पावती विहाराच्या फलकावर लावली आहे. मोजणीचा कागद आला की तोही, आकडा काहीही असो, तिथेच लागेल.